क्यूच्या पोटात काहीतरी वाजतंय: खडखड शोधायची कशी, बंद करायची कशी?

निळा_पाच

मंडळी, स्नूकरच्या क्यूबद्दल (चेंडू मारायच्या काठीबद्दल) मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे सांगणाऱ्यालाही सोपं जाईल.

क्यू थ्री-क्वार्टर जॉइंटची, म्हणजे टिपेपासून साधारण पाऊण लांबीवर दोन तुकड्यांत सुटणारी. शाफ्ट (पुढचा दांडा) ॲशच्या लाकडाचा, बट (मागचा जाड भाग) काळ्या एबनीचा, हाताने केलेला चार टोकांचा स्प्लाइस, म्हणजे दोन लाकडांचा एकमेकांत बसवलेला टोकदार सांधा. लांबी ५८ इंच, वजन ५२० ग्रॅमच्या आसपास, टिप (चेंडूला लागणारं चामडी टोक) ९.५ मिमीची. बटाच्या मागच्या टोकाला एक्स्टेंशन (लांबी वाढवायचा जोड) लावायची पितळी स्लीव्ह, म्हणजे आतून आट्यांची नळी, आहे आणि तिच्यात रबरी बंपर बसतो. सेकंडहँड घेतलेली आहे, पण हाताला अशी बसली आहे की दुसरी घ्यायची इच्छाच होत नाही.

अलीकडे जोरात मारलेल्या शॉटला आतून आवाज येतो. हळू पॉटला काही नाही. लांबचा स्टन (पांढरा चेंडू जागीच थांबवणारा फटका) किंवा खोल स्क्रू (पांढरा मागे आणणारा फटका) मारला की टिपच्या 'टॉक'पाठोपाठ बारीकसा 'खर्र' ऐकू येतो, आणि मागच्या हाताच्या बोटांना तो जाणवतोही. बटाचा मागचा भाग तळव्यावर ठोकला तर कधी वाजतो, कधी वाजत नाही. जॉइंट घट्ट आहे, टिप नवीन आहे.

तर नेमकं काय सुटलं असेल? आणि बट न उघडता ते कळायचा काही मार्ग आहे का? एबनीला तडा गेला तर क्यू संपलीच, म्हणून कुणाच्या हातात द्यायच्या आधी मला स्वतःला खात्री करून घ्यायची आहे.

---

पॉटच_पॉट

टिप नवीन म्हणजे दोषमुक्त असं धरून चालू नका. लेयरवाल्या टिपचा एखादा थर सुटला किंवा खाली गोंद कमी लागला, तरी असाच आवाज येतो. टिपच्या कडेला नख लावून बघा, कुठे फट दिसते का.

---

रेस्टवाली

आधी टेबलाची शंका फेडून घ्या. त्याच टेबलावर, त्याच जोराने, दुसऱ्याच्या क्यूने मारून बघा. पॉकेटची पितळी चौकट किंवा कुशनचा बोल्ट ढिला असला की जोरदार शॉटला तोही वाजतो, आणि क्यू हातात असल्यामुळे आवाज क्यूतूनच आला असं वाटतं. मनगटातलं कडं, घड्याळ, अंगठी, खिशातल्या किल्ल्या हेही एकदा बाजूला ठेवा.

नंतर हे सांगा:
बंपर काढून मारलं तर आवाज बदलतो का?
बटावर नावाची पट्टी किंवा बॅज आहे का?
एक्स्टेंशन लावून मारलं तर?
दोन्ही तुकडे वेगळे करून नुसता बट हलवला तर काही वाजतं का?

---

निळा_पाच

@रेस्टवाली, धन्यवाद. टेबलाचं तपासलं, दुसऱ्या क्यूने आवाज नाही. बंपर काढून मारलं, काही फरक नाही. पितळी बॅज आहे, बटाच्या तिरप्या सपाट भागावर चिकटवलेला. एक्स्टेंशन लावलं की आवाज बराच दबतो, पूर्ण जात नाही. नुसता बट हातात घेऊन हलवला तर काहीच वाजत नाही, म्हणून तर जास्त गोंधळ होतोय.

@पॉटच_पॉट, टिप भिंगाखाली पाहिली. गोंदाची रेघ सगळीकडून सलग आहे.

---

लेथवाला

क्यू दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो. "क्यू वाजते" म्हणून आलेल्या क्यूत लोक पहिली मागणी करतात ती इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा घट्ट गोंद) ओतून द्यायची. मी आधी आवाज कुठला ते सापडल्याशिवाय गोंदाच्या ट्यूबचं झाकण काढत नाही. चुकीच्या जागी गेलेलं इपॉक्सी परत काढायचं म्हणजे ड्रिल लावावं लागतं, आणि एबनीत आंधळेपणाने ड्रिल चालवायला माझा जीव होत नाही.

आवाजाचे दोन प्रकार मनात वेगळे ठेवा. एक 'खट' किंवा 'टक': एखादी जड वस्तू मोकळ्या जागेत सरकून थांबते तेव्हा येतो. दुसरा 'झर्र' किंवा 'झिण': पातळ, हलकी वस्तू एका बाजूने धरलेली आणि दुसऱ्या बाजूने सुटलेली असते तेव्हा. बटातलं वजन, सुटून पडलेला गोंदाचा खडा हे पहिल्यात. बॅज, फेरुल (टिपेखालचं पितळी टोपण), स्लीव्हची कड, जॉइंटच्या पितळी कॉलरची कड हे दुसऱ्यात. तुम्ही 'खर्र' लिहिलंय, म्हणजे अजून दोन्ही दारं उघडी आहेत.

आता तपासणी. बाहेरून आत यायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

टिप आणि फेरुल: शाफ्ट वेगळा करा. मधोमध दोन बोटांत सैल लोंबता धरा आणि टिपेकडचा भाग लाकडाच्या फळीवर दोन-तीन सेंटीमीटरवरून अलगद पडू द्या. चांगला ॲशचा शाफ्ट स्वच्छ वाजतो आणि त्याचा नाद थोडा रेंगाळतो. फेरुल सुटलेलं असेल तर नाद तुटका येतो, शेवटी एक कोरडी कुरकुर असते. मग फेरुल बोटांच्या चिमटीत धरून पिळा. डोळ्याला हलताना दिसणार नाही, पण लाकूड आणि पितळ यांच्या सांध्यावर खडूची रेघ ओढून पिळलंत तर रेघ मोडते.

जॉइंट: घट्ट आवळला जातो याचा अर्थ तो नीट बसतो असा नाही. दोन्ही तोंडांमध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवून आवळा आणि ओढून बघा. चारही बाजूंनी अडकली पाहिजे. एका बाजूने सुटली तर तोंडं एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. त्यानंतर स्क्रूच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचा एक वेढा देऊन खेळून बघा. आवाज गेला तर दोष आट्यांत आहे. टेप हा फक्त तपासणीपुरता, कायमचा इलाज म्हणून ठेवू नका, त्याने जॉइंट दरवेळी वेगळ्या जागी बसतो. आणखी एक शक्यता म्हणजे स्क्रू आट्यांत घट्ट, पण लाकडात ज्या गोंदाने बसवलाय तो गोंद सुटलेला. हे ओळखायला शाफ्ट बाजूला ठेवून स्क्रूचं टोक नखाने टिचकी मारून वाजवा. पक्का असेल तर आवाज लाकडाचा येतो, सुटलेला असेल तर पितळाचा.

बॅज: वरून इन्सुलेशन टेपचे दोन घट्ट वेढे द्या आणि मारा. एवढं पुरे.

आता तुमच्या क्यूत मला सगळ्यात जास्त शंका आहे ती वजनाची. बऱ्याच बटांत मागून भोक पाडून शिशाची किंवा पितळेची कांडी बसवलेली असते आणि तिच्या मागे तुमच्यासारखी स्लीव्ह येते. बट हातात हलवून वाजत नाही याने वजनाची सुटका होत नाही. कांडी भोकात जवळजवळ बरोबर मापाची असते, घर्षणाने अडकून राहते, मनगटाच्या हिसक्याला दाद देत नाही, आणि शॉटच्या धक्क्याला मात्र सरकते. "कधी वाजतो, कधी नाही" याचंही कारण तेच: एकदा सरकून पुढे अडकली की पुन्हा मागे येईपर्यंत गप्प.

करून बघा: बट कानाशी आडवा धरून स्वतःभोवती सावकाश फिरवा, अर्धा फेरा, पूर्ण फेरा. कांडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घरंगळली की हलकासा 'टिक' येतो. खोली शांत हवी. मग बंपर काढा आणि स्लीव्हच्या भोकातून टॉर्च मारा. स्लीव्ह आरपार असेल तर तळाशी करडं शिसं दिसेल. एक सरळ लाकडी काडी आत घालून शिशावर घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्याला बटाच्या बाजूवर तळव्याने ठोकायला सांगा. दाबल्यावर आवाज बंद आणि सोडल्यावर सुरू असं झालं तर पुढे शोधायची गरज नाही.

चुंबकाच्या भरवशावर राहू नका. शिसं आणि पितळ दोन्हींना चुंबक ओढत नाही. फक्त लोखंडी बोल्ट वजन म्हणून वापरला असेल तर कळेल.

---

सेंच्युरी_कधी

एवढा खटाटोप करण्याआधी विचारतो, या आवाजाने खेळात खरंच काही बिघडतं का? पांढरा तर टिप सोडून केव्हाच निघून गेलेला असतो. आवाज नंतर येतो. पॉट जातोय ना, मग खेळा की.

---

तरंगलांबी

@सेंच्युरी_कधी, प्रश्न रास्त आहे आणि अर्धं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. टिप आणि चेंडू यांचा संपर्क साधारण १ ते २ मिलिसेकंदांचा. ॲशमध्ये धक्क्याची लाट लांबीच्या दिशेने सेकंदाला ४००० मीटरच्या पुढे जाते, म्हणजे दीड मीटरच्या आतल्या क्यूत टिपेपासून बटापर्यंत जाऊन परत यायला पाऊण मिलिसेकंदही लागत नाही. आपल्याला ऐकू येणारी खरखर त्यानंतर बराच वेळ चालते. ती खरखर चेंडूला वळवत नाही.

पण कांडी सुटलेली असेल तर वेगळीच गोष्ट घडते. समजा ५२० ग्रॅमच्या क्यूत ६० ग्रॅमची कांडी मोकळी आहे आणि तिला अर्धा मिमी जागा आहे. शॉट लागला की क्यूचा वेग अचानक कमी होतो, कांडी मात्र जुन्याच वेगाने पुढे जाते. जोराच्या शॉटला हा फरक सेकंदाला सुमारे १ मीटरचा, म्हणजे अर्धा मिमी अर्ध्या मिलिसेकंदात पार. संपर्क चालू असतानाच कांडी पुढे आदळते आणि तिचं वजन शॉटमध्ये उशिरा का होईना सामील होतं. हळू शॉटला फरक सेकंदाला १० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तेच अंतर कापायला ५ मिलिसेकंद. तोवर चेंडू गेलेला. घर्षण बाजूला ठेवलं तर त्या शॉटसाठी तुमची क्यू ४६० ग्रॅमची होती.

चेंडू सुमारे १४० ग्रॅमचा धरून हिशेब केला तर त्याच्या वेगात ३ टक्क्यांच्या आतलाच फरक पडतो. पॉट चुकणार नाही. पण हळू पॉटवर पांढरा कुठे थांबतो यावरच सगळा ब्रेक (सलग पॉटची खेळी) उभा असतो, आणि कांडी कधी अडकलेली, कधी मोकळी असेल तर तो फरक दर शॉटला वेगळा. हाताला सवय लावायला काही ठरावीक मिळतच नाही.

---

रेस्टवाली

आणि जाणवण्याचं काय? मी वर्षानुवर्षं एकाच क्यूने खेळते. चेंडू नीट लागला की नाही हे मला डोळ्याआधी बोटं सांगतात. शॉटमागोमाग एक परकी थरथर येत असेल तर ती खूण बुजते. फटका जाड लागला, टिप निसटली की बटातलं काही हललं, हे वेगळं कळेनासं होतं. खेळाडू नकळत जोर कमी करायला लागतो, त्या आवाजाला बिचकून. माझ्या मते हे दुरुस्त करण्याजोगंच आहे.

---

निळा_पाच

@लेथवाला, तुमचा प्रतिसाद समोर ठेवून एकेक करत गेलो. फेरुलवरची खडूची रेघ शाबूत. जॉइंटमध्ये कागद चारही बाजूंनी पक्का. टेफ्लॉनने फरक नाही. स्क्रूची टिचकी लाकडी.

रात्री सगळं शांत झाल्यावर बट कानाशी धरून फिरवला. पहिले काही फेरे काही नाही. मग तळव्यावर मागून एकदा ठोकला आणि पुन्हा फिरवला, तर दर अर्ध्या फेऱ्याला अगदी बारीक 'टिक'. स्लीव्हमधून टॉर्च टाकला, तळाशी शिसं दिसतंय आणि त्याच्या एका कडेला काळी फट, चंद्रकोरीसारखी. बट फिरवला की ती चंद्रकोर दुसऱ्या बाजूला जाते. काडी दाबली की आवाज एकदम बंद.

म्हणजे कांडीच. आता पुढे?

---

लेथवाला

छान शोधलंत. चंद्रकोर फिरते याचा अर्थ कांडीवर गोंदाची पकड कुठेही उरलेली नाही. शिशाचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि मऊ, त्यावर ऑक्साइडचा थर. बसवताना ते खरवडून स्वच्छ केलं नसेल तर इपॉक्सी लाकडाला धरतं आणि शिशाला सोडतं. तुमच्या भोकाच्या भिंतीवर जुना गोंद अजून असणार, आणि कांडी त्याच्या आत नळीत असल्यासारखी सरकतेय.

स्लीव्ह आरपार आहे हे नशीब. ती काढायची गरज नाही. एबनीतली स्लीव्ह काढायची तर तिच्यात बोल्ट घालून तो सोल्डरिंग आयर्नने तापवावा लागतो, म्हणजे आतला गोंद मऊ पडतो. पण एबनीला स्थानिक उष्णता अजिबात सोसत नाही, आणि भेग पडली की ती लांबीने धावते. टाळता येतं तेव्हा टाळाच.

आधी परतीची वाट असलेला उपाय. जुन्या झिजलेल्या चामडी टिपा असतील तर स्लीव्हच्या भोकातून जातील अशा मापाच्या घासून घ्या आणि शिशावर एकावर एक बसवा, वरून लाकडी काडीने ठासा. चामडं दाबलं जातं आणि उलटं ढकलत राहतं. त्याला जागेवर धरायला स्लीव्हच्या आट्यांचा एक छोटा बिनडोक्याचा स्क्रू हवा, तो स्लीव्हच्या तळाशी राहील इतका आखूड, नाहीतर एक्स्टेंशन पूर्ण बसणार नाही. हे जमलं तर गोंदाशिवाय काम होतं. मात्र कांडीला मागूनच दाब मिळतो, बाजूची फट तशीच राहते. काही क्यूंना पुरतं, काहींना नाही.

पुरलं नाही तर इपॉक्सी, आणि त्यात घाई नको. पाच मिनिटांत घट्ट होणारं वापरू नका, ते फटीत उतरायच्या आत दाट होतं. सावकाश जमणारं घ्या, २४ तासांवालं. क्रम असा:

बट उभा धरा, मागचं टोक वर. ॲसिटोनमध्ये भिजवून पिळलेला कापूस काडीला गुंडाळून शिशाचं तोंड आणि दिसते तेवढी कड पुसा. थेंब बाहेर लाकडावर येऊ देऊ नका, पॉलिश उठतं. रात्रभर सुकू द्या. स्लीव्हच्या आट्यांना मेण चोळा, म्हणजे गोंद लागला तरी धरणार नाही. मेण आत पडू देऊ नका. इपॉक्सी मोजून ढवळा, मग वाटी कोमट पाण्यात धरा, पातळ होतं. बोथट सुईच्या सिरिंजने सुई स्लीव्हच्या खाली नेऊन चंद्रकोरीच्या फटीत थोडं सोडा आणि थांबा. इथेच बहुतेकांचं फसतं. भोक तळाला बंद आहे, आत हवा अडकलेली आहे. एकदम भरपूर ओतलं तर वर बूच बसल्यासारखं होतं, खाली पोकळी तशीच, आणि नंतर पुन्हा वाजतं. एकाच बाजूने, थोडं थोडं सोडत जा, म्हणजे समोरच्या बाजूने हवेला वाट राहते. मधूनमधून बटाला बाहेरून बोटाने टिचक्या मारा. बुडबुडे वर येताना दिसतील. ते यायचे थांबले की शिशावर एक-दोन मिमीचा थर सोडून थांबा. उभा बांधून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावू नका.

---

पॉटच_पॉट

फुगणारा गोंद वापरला तर? पॉलियुरेथेनवाला. तो आपोआप सगळी पोकळी भरतो.

---

लेथवाला

@पॉटच_पॉट, पोकळी भरतो, पण फेस भरतो. फेस आवाज दाबतो, ६० ग्रॅमचा धक्का वर्षानुवर्षं सोसत नाही. शिवाय तो फुगताना वाट मिळेल तिकडे जातो, म्हणजे तुमच्या स्लीव्हच्या आट्यांत. आणि सुपरग्लूही नको. फटीत भरण्यासाठी तो नाही, जमल्यावर काचेसारखा कडक, धक्क्याने तुटतो.

---

रेस्टवाली

एक काळजीची सूचना. शिसं विषारी आहे. आत काही खरवडलंत तर भुकटी फुंकून उडवू नका, ओल्या कापसाने टिपून घ्या. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा, आणि लहान मुलांच्या वावरात हे काम नको.

---

कोरडी_हवा

धाग्याला धरूनच विचारते. माझ्या क्यूला खडखड नाही, पण वर @लेथवाला यांनी सांगितलेली खडूची रेघ करून पाहिली तर मोडली. म्हणजे फेरुल सुटलंय. गंमत अशी की दमट हवेत सगळं ठीक असतं, खोली कोरडी असली की 'झिण' सुरू होते. असं का?

---

तरंगलांबी

@कोरडी_हवा, अगदी बरोबर निरीक्षण. लाकूड ओलाव्याने आडवं फुगतं आणि आकसतं, लांबीने जवळजवळ नाही. पांढऱ्या ॲशचं आकसणं ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने ४.९ टक्के. म्हणजे लाकडातला ओलावा १ टक्क्याने उतरला की वलयांच्या दिशेने पाव टक्का आकस. फेरुलच्या आतला लाकडी दांडा ८ मिमीचा धरा आणि ओलावा ४ टक्के घटला असं समजा: जवळपास ०.०८ मिमी. पितळ मात्र जागचं हललं नाही. फेरुल वाजायला एवढी फट भरपूर झाली.

बटातल्या कांडीची गोष्ट उलटी आहे. तिथे धातू आत आणि लाकूड बाहेर. कोरड्या हवेत भोक आवळतं आणि कांडीभोवतीचे लाकडाचे तंतू चेपले जातात. पुढे दमटपणा आला की भोक मोठं होतं, पण चेपलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. हे बरीच वर्षं चाललं की गोंद कुठल्यातरी बाजूने सुटतोच. म्हणून फेरुलची कुरकुर कोरड्यात, आणि वजनाची खडखड पुष्कळदा दमट दिवसांत.

---

लेथवाला

@कोरडी_हवा, फेरुलला मात्र पातळ सुपरग्लू चालतो, फट केसाएवढी असते आणि तो स्वतः आत ओढला जातो. टिप बदलायची वेळ येईल तेव्हाच करा. टिप काढली की फेरुल सरळ ओढून पाहा. हाताने निघालं तर उत्तमच: दांडा आणि आतलं पितळ साफ करा, पितळाला आतून पॉलिश पेपर फिरवा आणि सावकाश जमणाऱ्या इपॉक्सीने बसवा. निघत नसेल तर ओढाताण नको, कडेवर पातळ सुपरग्लूचा एक थेंब फिरवा. आधी शाफ्टला फेरुलच्या लगत मास्किंग टेप लावा, नाहीतर गोंद ॲशच्या उघड्या रेषांत शिरून काळपट डाग पडतो, तो घासूनही जात नाही.

---

निळा_पाच

अपडेट.

चामडी टिपा ठासून पाहिल्या. आवाज खूप कमी झाला पण स्क्रू शॉटला थोडा उरला, तुम्ही म्हणालात तसाच, बाजूच्या फटीचा. मग इपॉक्सी. टॉर्च दातात धरून सिरिंज चालवत होतो. पहिल्या थेंबांनंतर काही घडतच नव्हतं. बटाला टिचकी मारली आणि एक टपोरा बुडबुडा फटीतून वर येऊन फुटला, त्यामागे बारीक बुडबुड्यांची माळ. गोंदाची पातळी डोळ्यांदेखत खाली गेली. पुन्हा सोडलं, पुन्हा टिचकी. चंद्रकोर हळूहळू मधाच्या रंगाची होत भरून आली. मग बट कपाटाच्या मुठीला दोन ठिकाणी बांधून उभा ठेवला.

वजन ३ ग्रॅमने वाढलं, तोल बोटावर जाणवेल इतका सरकला नाही. बट आता ठोकला तर एकसंध, भरीव आवाज. शॉटला 'खर्र' नाही.

पण खर्र गेल्यावर तिच्याखाली लपलेला दुसरा आवाज आता ऐकू येतोय! फार बारीक 'झिण', तोही फक्त पूर्ण जोरात.

---

लेथवाला

मोठा आवाज गेला की लहान आवाज वर येतो, नेहमीचं आहे. बॅजवर टेपचे वेढे द्यायला आधी सांगितलं होतं, ते आता करून बघा. तेव्हा कांडीच्या आवाजात बॅजचा दोष कळला नसता.

---

निळा_पाच

बॅजच. टेप लावला की शांत. नखाने वाजवला तर एका कोपऱ्यात 'टक' आणि उरलेल्या भागात 'ठस्स' येतो. कोपरा सुटलाय. कोपऱ्याखाली इपॉक्सी टूथपिकने सारलं, वरून मेणकागद आणि रबरबँड. उद्या सोडवतो.

---

निळा_पाच

सोडवला. पूर्ण जोराचा स्क्रू, बाजूला उभ्या मित्राला कान देऊन ऐकायला लावला. नुसता 'टॉक'. मागच्या हाताला क्यू पुन्हा एकाच लाकडाची वाटते आहे. @लेथवाला, @रेस्टवाली, @तरंगलांबी, तुमच्यामुळे बटाला ड्रिल लावावं लागलं नाही, मनापासून आभार.

---

कोरडी_हवा

अभिनंदन! एक शेवटचं विचारते. माझ्या भावाची वन-पीस क्यू आहे, जॉइंट नाही, स्लीव्ह नाही, बटाच्या टोकाला साधं रबर चिकटवलेलं. तीही आतून 'टक' करते. तिथे शिरायचं कुठून?

---

लेथवाला

रबराखालूनच. रबर पातळ पात्याने कडेकडेने सोडवा, खाली बहुतेक वेळा लाकडाचं किंवा फायबरचं गोल बूच दिसेल, त्यामागे वजन. कानाशी फिरवायची तपासणी लांब क्यूतही चालते, फक्त दोघे लागतात: एकाने शाफ्ट फिरवायचा, दुसऱ्याने बटाला कान लावायचा. 'टिक' बटाच्या टोकापासून किती अंतरावर जास्त स्पष्ट येतो ते तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. खूण बुचाजवळ आली तर बुचाच्या मधोमध २ मिमीचं एक भोक सुईसाठी आणि शेजारी एक हवेसाठी, एवढ्यावर काम होतं. भोकं हाताच्या ड्रिलने पाडा, म्हणजे शिशाला टेकलात ते बोटांना कळेल. खूण स्प्लाइसच्या टोकांजवळ आली तर मात्र काही करू नका, क्यू दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. तिथे वजन नसतं, स्प्लाइसचा सांधा उकलत असतो.